एल्डनच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

ती. आर्डिसताईस,

धाकट्या ऑर्विनचा नमस्कार. तीर्थरूप म्हटलं की एकदम ऐंशीची झाल्यासारखं वाटतं, असं तू मागे म्हणाली होतीस. पण ताई, तू एकोणऐंशीची आहेस, तेव्हा सवय करून घ्यायला हरकत नाही. गुडघा कसा आहे? नवीन मलम खरंच लावतेस की डॉक्टरांना नुसतंच 'लावते' म्हणून सांगतेस? तुझी ती ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसायला मऊ जागा शोधत गोठाभर हिंडत होती, ती शेवटी कुठे बसली? (जिथे बसली असेल तिथून तूर्तास हलवू नकोस. आणि गोठ्यात ताडपत्रीखाली काय झाकून ठेवलंयस म्हणून तू फोनवर विचारत होतीस, त्याचाही खुलासा यथावकाश करतो. यंत्राचा एक भाग आहे. घाबरण्यासारखं काही नाही.) आम्ही इकडे मजेत आहोत. तुझी भावजय मार्लिसही मजेत आहे. जरा जास्तच मजेत आहे, आणि पत्र लिहायला घेतलं ते त्यासाठीच. फोन केला असता, पण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात मार्लिस आहे.

एल्डन कोलार तुला आठवत असेल. गेल्या नाताळात चर्चमध्ये ज्याच्या आवाजाचं तू माझ्यादेखत कौतुक केलंस, तो. (ते मी विसरलेलो नाही.) मूळचा नेब्रास्काचा. मिनेसोटात येऊन त्याला एकतीस वर्षं झाली, म्हणजे तसा नवाच. त्याची बायको गेली त्या हिवाळ्यात अख्ख्या गावाने त्याला जेवण पोचवलं, आणि मार्लिसनेही तीनदा बटाट्याची हॉटडिश भट्टीतून काढून गरमागरम नेली. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, आता वाटतं. तर या एल्डनची गाडी आणि माझी गाडी म्हणजे जुळ्या बहिणी. एकाच वर्षी, एकाच दुकानातून घेतलेल्या, दोन दारांच्या, चिमुकल्या. माझी निळी, त्याची जास्त दूध पडलेल्या कॉफीच्या रंगाची. दोघींना आता वीस वर्षं झाली, दोघींच्या दारांना तळाशी गंज चढलाय, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकताना कोणी भेदभाव करत नाही. पण एप्रिलमधल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात आम्ही कॉफी पीत बसलो असताना कोणीतरी मला विचारलं, "काय ऑर्विन, जुनी झाली तुझी गाडी. अ‍ॅव्हरेज किती देते?" मी छाती काढून म्हटलं, "गॅलनला चाळीस मैल." सगळे 'वा' म्हणणार इतक्यात एल्डन कपात बघत हळूच म्हणाला, "माझी बेचाळीस देते. साधारण."

ते 'साधारण' मला झोंबलं, ताई. बेचाळीस म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं (दिलं नसतं, पण प्रयत्न केला असता). 'साधारण' म्हणजे त्याने कधी नीट मोजलंही नाही, आणि तरी माझ्यापुढे. त्या दिवसापासून मी गाडीच्या मागे हात धुऊन लागलो. टायरमध्ये हवा भरली, ती इतकी की गाडी चालायच्या ऐवजी उड्या मारायला लागली, आणि चर्चच्या जेवणाला निघालेली हॉटडिश मार्लिसच्या मांडीवरून उठून समोरच्या काचेला लागून परत आली. टपावरचा कॅरिअर काढला. रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधला. (आपल्याकडे हिवाळ्यात सगळेच बांधतात, एंजिन लवकर तापतं आणि पेट्रोल कमी खातं. मी तो मे महिन्याच्या शेवटी बांधला, हे मान्य.) त्यामुळे म्हाताऱ्या हालव्हॉर्सनबाईंच्या अंत्ययात्रेत माझ्या गाडीतून वाफेचे लोट निघाले आणि गाडी जागच्या जागी बसली. शववाहिनी एकटीच पुढे निघून गेली आणि बाकीची सगळी रांग माझ्यामागे उभी. कोणी भोंगा वाजवला नाही, कोणी खाली उतरलं नाही. आपली माणसं, आपापल्या गाडीत हात जोडून बसून राहिली. दफन उशिरा झालं. मग एसी बंद केला. काचा उघड्या असल्या की वारा गाडीला अडवतो असं वाचलं, म्हणून काचाही बंद केल्या. हे जुलैत. मार्लिस प्रार्थनेच्या पुस्तकाने वारा घ्यायची, तेव्हाही मी तिला म्हटलं की जरा बेताने.

एवढं करून अ‍ॅव्हरेज होतं तिथेच, म्हणून वजन कमी करायला घेतलं. मागची सीट काढली, जादा चाक काढलं, जॅक काढला (चाकच नाही तर जॅक कशाला), पायाखालच्या चटया काढल्या, डॅशबोर्डच्या खणातले नकाशे काढले, आणखी एखाददुसरी किरकोळ वस्तू काढली. मार्लिस बाहेर आली, दार उघडून तिने आत सगळीकडे नजर फिरवली आणि एवढंच म्हणाली, "हं. वेगळंच आहे." आता 'वेगळंच आहे' याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते तुला सांगायला नको, माझ्या पहिल्या मिशीबद्दल आई हेच म्हणाली होती. त्याच बुधवारी ती चर्चच्या गायनाच्या तालमीला एल्डनच्या गाडीतून गेली. पुढच्या बुधवारी पुन्हा गेली. का गेली, देव जाणे. मग 'बिचारा इतक्या लांबून न्यायला येतो' म्हणून त्याच्यासाठी लेमन बार, त्या लिंबाच्या वड्या, करायला लागली. ताई, लेमन बारच्या ताटातले कोपऱ्याचे तुकडे, कडेने जरा कुरकुरीत झालेले, सदतीस वर्षं माझे होते. ते आता कागदात गुंडाळून एल्डनकडे जातात आणि मला मधले मिळतात.

आणि खरी मेख पुढेच आहे. ऑगस्टच्या एका रविवारी तळघरात मी विचारलं नसताना एल्डन म्हणाला, "आश्चर्यच आहे, हल्ली सेहेचाळीस देते." माझी तेव्हा छत्तीसवर आली होती. गाडी हलकी होत गेली तसतसं माझं अ‍ॅव्हरेज खाली, आणि तो शेजारी एक अख्खी धडधाकट बाई बसवून वर. (मार्लिस धडधाकट आहे हे मी कौतुकाने म्हणतो. तिला दाखवू नकोस.) मला रात्रंदिवस एकच ध्यास: हा करतो तरी काय? तेल पातळ घालतो? टाकीत काही टाकतो? त्याचं स्वतःचं वजन बायको गेल्यापासून उतरलंय हे खरं, पण माणूस किती उतरणार?

शेवटी मी एंजिन बंद करून उतारावरून गाडी सोडायचा उपाय काढला. धान्याच्या कोठाराजवळचा उतार तुला माहीत आहे, वरून सुटलं की थेट गावात. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, की एंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा दगड होतो. गावात वळायच्या जागी मी सरळ गेलो, होड्या पाण्यात सोडायच्या उतरणीवरून खाली, आणि पुढची दोन्ही चाकं तलावात. पँट वर करून उभा होतो, तेवढ्यात तालमीहून परतणारी कॉफीच्या रंगाची गाडी थांबली. मार्लिस आतच बसून राहिली. तिने काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, आणि काच वर केली. एल्डनने दोर बांधून मला बाहेर ओढलं. (माझी गाडी त्याच्या गाडीने ओढली. जुळी बहीण! माझी कधी काही ओढू शकली नसती.) दोर सोडवताना तो म्हणाला, "ऑर्विन, माझी गाडी इतकं कसं देते, सांगू का?" आपली रीत तुला काय सांगायची, तूच मला चालता येण्याआधी शिकवलीस: कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'छे छे', दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडंसं'. मी म्हटलं, "छे छे, राहू दे." तो म्हणाला, "अरे, सोपं आहे, सांगतो की." मी म्हटलं, "उगाच कशाला." आणि ओल्या पँटनिशी काठावर तिसऱ्या खेपेची वाट बघत थांबलो. एल्डन म्हणाला, "बरं, मग निघतो," आणि गेला! एकतीस वर्षं, ताई! एकतीस वर्षं इथलं खाऊन-पिऊन त्याला अजून तीनपर्यंत मोजता येत नाही.

मग आली सप्टेंबरातली कोऑपची, म्हणजे आपल्या सहकारी पंपाची, अ‍ॅव्हरेजची शर्यत. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, तलावाला वळसा घालायचा, परत येऊन पुन्हा भरायची; ज्याला कमी लागेल त्याला धुरावलेला हॅम. शेजारी एक माणूस बसवायची परवानगी होती. एल्डनने मार्लिसला बसवलं. मी एकटा निघालो, आणि मुद्दाम त्याच्या मागोमाग निघालो, म्हणजे वारा त्याने अंगावर घ्यावा आणि मी त्याच्या आडोशाने जावं. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती: त्याचं टक्कल आणि मार्लिसचा निळा स्कार्फ, जो मी दिलेला आहे. (सवलतीत होता, पण मीच दिलेला आहे.) आणि मग मला तो हात दिसला. थांबायची पाटी दिसायच्या कितीतरी आधी मार्लिसचा हात वर यायचा, तळवा खाली, आणि एल्डनचा पाय उचलला जायचा. गाडी आपली वाहत वाहत, ब्रेकचे दिवे न लागता पाटीपाशी पोचायची. हरणं आडवी येतात त्या झाडीपाशी हात. वळणाच्या आधी हात. सरळ रस्त्यावर त्याला जरा जोर आला की हात. तो भला माणूस निमूटपणे ऐकत होता.

ताई, तो हात माझा आहे. सदतीस वर्षं तो माझ्यासमोर वर येत होता, आणि मी 'दिसतंय मला' म्हणून खेकसत होतो, आणि खेकसत का होईना, पाय उचलत होतो. ते चाळीस मैल माझ्या गाडीचे नव्हतेच, त्या हाताचे होते. माझ्याकडचा तो हात मीच उठवून एल्डनच्या गाडीत नेऊन बसवला, आणि आता तो त्याच्यासाठी वर होत होता. मला इतकं जळजळलं की मी पेडल तळापर्यंत दाबलं आणि एल्डनला मागे टाकून सुसाट निघून गेलो. हळू म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. एल्डनला पन्नास मिळाले. मला एकतीस, पास्टरबाईंच्या नऊ माणसांच्या व्हॅनपेक्षा जरासेच जास्त. एल्डनने हॅम जागच्या जागी मार्लिसला देऊन टाकला, म्हणाला, "सगळं श्रेय हिचं." (हेच तो मला तलावाकाठी सांगणार होता म्हणे.) तो हॅम आता आमच्या फ्रीजमध्ये आहे. मी रोज खातो. चांगला आहे, हेच दुःख आहे.

असो. मी आता अ‍ॅव्हरेजचा नाद सोडला आहे. एल्डनबद्दल माझ्या मनात काडीचंही वाईट नाही. मार्लिसने कुठल्या गाडीत बसावं हा तिचा प्रश्न आहे. मी समाधानी माणूस आहे. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, बऱ्याच दिवसांत खुशाली कळवली नव्हती, एवढंच. मलम लाव.

तुझा धाकटा,
ऑर्विन

ता. क. : रविवारी तू पिकअप घेऊन चर्चला येणारच आहेस, तर येताना ताडपत्रीखालचा यंत्राचा भाग टाकून आण. ती माझ्या गाडीची पुढची, माझ्या शेजारची सीट आहे. म्हणजे मार्लिसची. मागची सीट काढूनही भागेना तेव्हा गाडीतली सगळ्यात जड सुटी वस्तू तीच उरली होती. इथे गॅरेजात ठेवली असती तर तिने मला तासाभरात परत बसवायला लावली असती, म्हणून तुझ्या गोठ्यात. अगदीच गैरसोय केली असंही नाही. त्या जागी पालथी बादली ठेवली होती, वर व्हरांड्यातली उशी. कोंबडी सीटवरच बसली असणार, मला ठाऊक आहे. तिला हलवू नकोस म्हणून वर लिहिलंय ते विसर. अंड्यांसकट उचल आणि टोपलीत ठेव. डाग मी पुसेन.

ता. क. दुसरा : मार्लिसला मी विचारलं आहे. परवा हॅम कापताना म्हटलं, "बुधवारी माझ्याबरोबर येतेस का तालमीला?" ती म्हणाली, "छे, तुझं कशाला पेट्रोल जाळायचं." काल पुन्हा विचारलं. म्हणाली, "राहू दे, उगाच तुला त्रास." ताई, मार्लिस नेब्रास्काची नाही. तलावापलीकडची आहे, आपल्यातलीच. दोनदा झालं. तिसऱ्यांदा विचारायचं मी राखून ठेवलंय, कारण हो म्हणाली तर तिला बसवू कुठे? रविवार चुकवू नकोस.