चौथ्या मजल्याचं बटण

प्रिय मिलका,

त्या शनिवारपासून तू मेसेजवर एकच विचारते आहेस, हू पिक्ड अप युअर फोन? मी उत्तर दिलं नाही. इथे आखातात, लढाईच्या दिवसांत फोनवर लिहिलेलं कोण वाचेल सांगता येत नाही, असं पप्पा म्हणतात. मला तर एरवीही तसंच वाटतं. म्हणून हा कागद. पप्पांच्या कंपनीच्या जुन्या डायरीतलं कोरं पान आहे, नवा पॅड आणला नाही.

दारावरचा मेझुझा, प्रार्थनेच्या कागदाची ती डबी, मी काढून तांदळाच्या डब्यात ठेवला, तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. चौकटीत खिळ्यांची भोकं राहिली, तिथे आता किल्ल्यांचा हूक लावलाय. शुक्रवारी संध्याकाळचे शब्बाथचे दिवे आतल्या खोलीत, पडदे ओढून लावते. तू म्हणालीस, मम्मी, आपण चोर आहोत का? चोर नाही, पण या दिवसांत यहुदी आहोत हे बिल्डिंगीत कळायला नको. झिराडकर आडनाव म्हटलं की लोक अलिबागकडचे एवढंच समजतात, पुढे विचारत नाहीत. तेवढ्यावर आपलं निभत होतं.

पण तिसऱ्या मजल्यावरची शहनाझ. तुला माहीत आहे, शनिवारी शब्बाथ म्हणून मी विजेचं बटण दाबत नाही. संध्याकाळी पाय मोकळे करून आले की लिफ्टपाशी पर्समध्ये काही शोधल्यासारखं करते आणि कुणी आलं की मागून आत शिरते. एका शनिवारी ती आत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने माझा चार दाबला. पुढच्या शनिवारीही तेच. रविवारी मात्र आपला तीन दाबून फोन बघत उभी! हिला कळलंय. मग सांगितलं कोणी? तिची फिझा आणि तू एका ऑफिसात, एका गाडीत. तू शपथेवर नाही म्हणालीस, मी ऐकलं नाही, आणि फिझाने या घरात पाऊल टाकायचं नाही म्हटलं. तू बॅग भरलीस. रीम बेटावर तू घेतलेल्या खोलीचं भाडं पप्पांनी दिरहममध्ये सांगितलं, मी मनात रुपये केले आणि पाणी प्यायले.

त्या शनिवारी हल्ल्याच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम ओरडले. पप्पा ड्यूटीवर. मी जिन्याने खाली पार्किंगमध्ये गेले आणि खांबाला टेकून बसले. मग पर्समध्ये फोन वाजायला लागला. तूच असणार. जीव धोक्यात असला तर शब्बाथ मोडला तरी चालतो, हे मला शिकवू नकोस, ठाऊक आहे. पण आयुष्यभराची सवय, हात पर्सवर जाऊन थांबला. शेजारी शहनाझ होती. तिने सरळ माझी पर्स उघडली, फोन घेतला, म्हणाली, आई बरी आहे गं बेटा, माझ्या बाजूलाच बसलीय. फोन माझ्या कानाला लावला तोवर लाइन तुटलेली. त्या गलक्यात तुला तिचा आवाज ओळखू आला नसेल.

मी तिथेच विचारलं, फिझाने सांगितलं ना? ती हसायलाच लागली. म्हणाली, काय भाभी, फिझाला तर अजून पत्ता नाही. आमच्या रेवदंड्याच्या घराला लागून तुमचेच लोक होते, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना. शनिवारी त्यांची चूल पेटवायला आमची दादी जायची. तुम्ही लिफ्टपाशी पर्स चाचपत उभ्या राहिलात तेव्हाच मी समजले. इतकं शोधण्यासारखं असतं काय हो त्या पर्समध्ये?

तरी मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, लेकीला वाचवते आहे. घरी आल्यावर तिला रेवदंड्याच्या खुणा विचारल्या. तिने आपल्या यहुदी प्रार्थनालयाची गल्ली सांगितली, विहिरीसकट. मग मला मानावंच लागलं.

मेझुझा अजून तांदळातच आहे, लढाई संपलेली नाही. त्यावर तू आल्यावर भांडू. शुक्रवारी नारळाच्या दुधातली मासळी करते आहे आणि भात तिघांचा लावणार आहे. उरला तर शनिवारी मला एकटीला शिळा खावा लागेल, पप्पा खात नाहीत. दिवे लागायच्या आत ये. हे पत्र उद्या सकाळी फिझाला वर बोलावून, आत बसवून, चहा देऊन तिच्या हाती देणार आहे. तिला अजून काही माहीत नाही, हे लक्षात घे. पाकीट उघडंच ठेवलंय. घरातला डिंक काही संपलेला नाही.

तुझीच,
मम्मी