लाल मॅचलेस

साखळीहून डिचोलीला जाताना खाणीच्या ट्रकामागे सापडून आम्ही दोघे एकदा नखशिखान्त लाल झालो. शाळेच्या फाटकाशी उतरून मी पांढरी साडी झटकत राहिले आणि माझे पती गुरुदास हसत सुटले. पुढच्याच रविवारी त्यांनी आमची काळी मॅचलेस मोटारसायकल खाणीच्या मातीच्या रंगाने रंगवली. धूळ दिसूच नये म्हणून. म्हणाले, "आता दाखय धूळ, पळयां!"

मी, सौ. तारा गुरुदास गावस, वय ६६, निवृत्त शिक्षिका, रा. साखळी, हे स्वहस्ते लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती माझ्यासाठी नाही.

१. राहते घर मुलगा यशवंत याला. हे हयात असेपर्यंत ते विकू नये आणि ह्यांची खाट खिडकीपासून हलवू नये.

२. मोटारसायकल माझ्या नावावर आहे. ती सून भाग्यलक्ष्मी हिला देते. यशवंता, रागावू नकोस. जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी तू रात्रंदिवस खपतो आहेस. कार्बुरेटर साफ कर, टायर बदल, इंजिन उघड, तुला मोकळीक आहे. पण "खाणी बंद झाल्या, आता धूळ कुठली? मूळ काळाच रंग हवा, नाहीतर परीक्षक गुण कापतील," असे म्हणून तू पुढचा मडगार्ड काळा केलास.

तीन वर्षे ह्यांना माझी ओळख नाही. जेवण वाढले की विचारतात, "बाय, तू खंयची गो?" मात्र रोज संध्याकाळी त्या लाल टाकीवर हात ठेवून म्हणतात, "तारा शाळेतल्यान येतली. तिका हाडूंक वचपाक जाय." मला आणायला निघायचे असते त्यांना. त्यांची तारा आता तेवढ्यातच उरली आहे. परवा तो काळा मडगार्ड पाहिला, "ही आमची न्हय," म्हणाले आणि चालत निघाले. भाग्यलक्ष्मीला ते डिचोलीच्या रस्त्यावर सापडले, अनवाणी, मला शोधत. मी घरातच होते.

उरलेली गाडीही काळी करायला बुधवारी तुये गावच्या रंगाऱ्याकडे न्यायची ठरली आहे. नेऊ नये. बाकीची कलमे माझ्यामागे लागू व्हावीत, हे कलम आजपासून. मडगार्ड पुन्हा लाल करावा. कापू देत गुण. मी शिकले त्या म्हापशाच्या कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, मागायचे ते रडून मागू नये. मी रडून मागते आहे.

३. दीर रघुनाथ यांनी गाडीचा मूळ हेडलाइट 'दोन दिवसांसाठी' नेला, त्याला वीस वर्षे झाली. तो त्यांना दिला असे समजावे. गाडीबद्दल त्यांचा सल्ला घेऊ नये.

४. बांगड्या भाग्यलक्ष्मीला. पुस्तके शाळेला. ह्यांची गाडीदुरुस्तीची हत्यारे, पाने-पकडी, यशवंताला, त्याच्या हाताला ती शोभतात.

५. रॅलीत गाडी यशवंताने चालवावी, ह्यांना मागे बसवावे, शाळेच्या फाटकाशी वेग कमी करावा. मी गेले हे ह्यांना कोणीही सांगू नये. त्यांनी विचारले तर भाग्यलक्ष्मीने एवढेच म्हणावे: शाळा अजून सुटली नाही.

साक्षीदार: विनोदिनी शेट्ये, शेजारीण, जयराम परब, निवृत्त मुख्याध्यापक
सही: तारा गुरुदास गावस
साखळी, ८ नोव्हेंबर २०१३