नाण्याने घासलेली पाठ

जेपारा

आईस वेनिंगचा सलाम.

मी बरी आहे, पोटभर जेवते. बाबांचे गुडघे कसे आहेत?

इथल्या फर्निचरच्या कारखान्यात बायकांची छाती तपासायचं माझं काम चालू आहे. लाकूड घासणाऱ्या मिनातीमावशी सारख्या खोकायच्या. मी श्वास मोजायच्या नळीत फुंकायला सांगितलं, तर म्हणाल्या, "अंगात वारा शिरलाय गं! त्यापेक्षा तेल लाव आणि नाण्याने पाठ घासून दे." मी दिली. पाठ लालेलाल झाल्यावर हसल्या, "बघ, निघाला वारा!" छातीत बसलेली धूळ मात्र निघाली नाही. शुक्रवारी त्यांना माती दिली.

परवा फोनवर तू खोकत खोकत सांगितलंस, बाबा रोज तुझी पाठ घासतात म्हणून. आई, गाद्यांत सावरीचा कापूस भरणं आजच थांबव. रविवारी मी येतेय. पाठ मीच घासून देईन, पण आधी दवाखान्यात चल.

तुझीच,
वेनिंग