रुवैसला गेलेल्या गोळ्या

शनिवार, १४ सप्टेंबर २००२

गोळ्या जागेवर नाहीत. दूध पावडरच्या डब्यामागे निळा पाऊच असतो, त्यात पुण्याहून आणलेली पाकिटं आणि तिथल्या डॉक्टर बापटबाईंचं प्रिस्क्रिप्शन. पाऊचच गायब. स्वयंपाकघर उपसलं, बेडरूम उपसली. ऋचाला विचारलं तर, "आय डिडन्ट टच युअर स्टफ, आई." बरोबर आहे. तेरा वर्षांच्या मुलीला काय करायच्यात डिप्रेशनच्या गोळ्या.

ऑफिसातून शिरीषला फोन केला. नवरा पहाटेच्या गाडीने रुवैसला, वाळवंटातल्या रिफायनरीवर पोचला होता. अगदी शांतपणे म्हणाला, "हो, मी आणल्यात. घाबरू नकोस. समोर लोक आहेत, नंतर बोलू."

माझ्या गोळ्या. मला न विचारता. आणि घाबरू नकोस!

रविवार, १५

कारण कळलं. व्हिसाचं रिन्यूअल आलंय, मेडिकलला रक्त काढतात. रिफायनरीच्या कँटीनमध्ये कुणा कुलकर्णीने याला सांगितलं की बायकोच्या रक्तात 'मेंटलवाली' गोळी सापडली की व्हिसा खलास. नवऱ्याच्या फाइलवर शेरा, पुढचं विमान मुंबईचं. म्हणून मेडिकल होईपर्यंत गोळ्या बंद. आणि घरात सापडायला नकोत म्हणून स्वतःबरोबर नेल्या.

"खसखस सापडली तर अफू धरून इथे लोक आत टाकलेत, माहितीय ना तुला?"

खसखस आणि माझी गोळी एकच का? डॉक्टरने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेली गोळी आहे ती.

मी म्हटलं, बापटबाईंनी काय सांगितलं होतं? एकदम बंद करायची नाही, कमी करायची तरी आम्हाला विचारून. तू शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावत होतास. तर म्हणतो, "दोनेक आठवड्यांचा प्रश्न आहे गं. आणि आता बरी आहेस की तू."

बरी आहे ती कशामुळे, हे विचारायच्या आत कार्ड संपलं.

मंगळवार, १७

सकाळपासून डोक्यात करंट. दुसरा शब्द सापडत नाही. नजर डावीकडून उजवीकडे नेली की आत चर्र करून काहीतरी सरकतं, ओठांपर्यंत मुंग्या. जिना उतरताना पायरी आहे त्यापेक्षा खाली वाटते. दोनदा रडले, कारण काही नाही. एकदा तर फोटोकॉपी मशीनमध्ये कागद अडकला म्हणून.

संध्याकाळी मीना बाजारच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. "नो प्रिस्क्रिप्शन, नो मेडिसिन, मॅडम." त्याची काही चूक नाही. प्रिस्क्रिप्शनही रुवैसलाच आहे. नवरा माझा भारी पद्धतशीर.

गुरुवार, १९

शिरीष काल रात्री आला. हात हलवत. गोळ्या आणल्या नाहीत.

वर सांगतो, मेडिकल पुढे गेलं. कंपनीचा पीआरओ, जो सगळ्यांचे व्हिसे करतो, तो म्हणतो, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. किंवा त्याच्या पुढच्या.

मी सगळं सांगितलं. करंट, चक्कर, वाईट स्वप्नं, ऋचावर विनाकारण ओरडले ते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सवय लागलीय तुला. बरंच झालं की सुटतायत ते. सुंठीवाचून खोकला गेला."

खोकला! दोन वर्षांपूर्वी मी अंथरुणातून उठत नव्हते, पोरीची वेणी घालायला हात वर होत नव्हता, तो खोकला. आणि याला तो सुंठीवाचून घालवायचाय.

सगळ्यात राग कशाचा येतो? हा माणूस शटडाउन प्लॅनिंगमध्ये आहे. रिफायनरीचं एक युनिट बंद करायचं तर हे लोक आधी महिनोन्‌महिने कागद रंगवतात. तापमान थोडं उतरव, थांब, बघ, परत थोडं उतरव. एकदम गार केलं तर पोलाद तडकतं, हे आमच्या जेवणाच्या टेबलावर मी हजारदा ऐकलंय, आमटी वाढता वाढता. पोलादाची एवढी काळजी. बायकोचं डोकं मात्र एका फटक्यात बंद केलं तरी चालतं.

हे त्याला तोंडावर म्हटलं. म्हणाला, "कशाचा संबंध कशाशी लावतेस."

शुक्रवार, २०

मराठी मंडळाच्या विद्याताईंकडे गणपतीच्या आरतीला. मंडळातल्या सगळ्या होत्या. टाळांचा आवाज दातांत शिरत होता. प्रदक्षिणेसाठी स्वतःभोवती फिरले आणि थेट सोफ्यावर पडले.

विद्याताई पाणी घेऊन आल्या. शिरीषने त्यांच्या यजमानांना काहीतरी सांगितलेलं दिसतंय, कारण आवाज खाली करून म्हणाल्या, "अगं, त्या गोळ्या म्हणजे व्यसनच. माझं ऐक, प्राणायाम कर. आणि मन कशात तरी गुंतव."

मन गुंतवायला मी काय रिकामी बसलेय? नोकरी, घर, पोर, आणि आठवड्याचे पाच दिवस नवरा वाळवंटात. तो तिथून फोनवर घर चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं. त्याच्याकडे उंट तरी खरे आहेत.

घरी येताना गाडीत म्हटलं, तुझी प्रेशरची गोळी चालू आहे ना? "ती वेगळी." का वेगळी? "ती प्रेशरची आहे."

वा.

सोमवार, २३

हे लिहून ठेवायलाच हवं.

ऑफिसला जाताना नेहमीसारखी अब्रात, खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसले. रोजची खाडी, तोच डिझेलचा वास. बोट हलायला लागली की नजर हलते, नजर हलली की करंट. मी खाली पाण्याकडे बघत राहिले आणि वाटलं, पाणी किती जवळ आहे. एवढंच. पण तो विचार गेला नाही, माझ्याशेजारी जागा करून बसला. दोन वर्षांत आला नव्हता तो.

उठून मधल्या फळीवर सरकले, एका पठाणाच्या आणि त्याच्या गाठोड्याच्या मध्ये. पलीकडे देऱ्याला उतरले, ऑफिसला फोन केला की येत नाही, आणि समोर पहिली पाटी दिसली त्या क्लिनिकमध्ये शिरले. "कंपनीच्या इन्शुरन्सवर डॉक्टरकडे जाऊ नकोस, रेकॉर्ड होतं," असं शिरीषने बजावलं होतं. रोख भरले. तरी नाव खरं सांगितलं.

डॉ. शाहीन. हैदराबादच्या, वयस्क, चष्मा दोरीला. मी पाण्याचं आधी सांगितलं, मग बाकीचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बंद करने को किसने बोला?"

"मेरे हजबंड ने."

"वो डॉक्टर हैं?"

"इंजिनियर हैं."

"माशाल्ला," म्हणाल्या आणि पेन परत उचललं.

मग नीट सांगितलं. हे व्यसन नाही. व्यसनात माणसाला गोळीची हाव सुटते, डोस वाढवत नेतो. तुमचं तसं काहीच नाही. शरीराला औषधाची सवय झालेली असते, ते अचानक काढून घेतलं की शरीर असं ओरडतं. करंट, चक्कर, रडू, राग, सगळं त्यातलं. आणि मूळ आजारही याच्या आडून परत डोकं काढू शकतो, म्हणून पाण्याचा विचार हलका समजायचा नाही. परत आला तर लाज धरायची नाही, लगेच कुणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तिथूनच पुण्याला बापटबाईंना फोन लावला. दोघी इंग्रजीत बोलल्या. ठरलं ते असं: आधी अर्धी, काही दिवसांनी पूर्वीची पूर्ण. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून डबल घ्यायची नाही. बापटबाई मला म्हणाल्या, "कमी करायची वेळ येईल, तेव्हा मी सांगीन. अगदी हळू उतरायचं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात हळू. आणि शिरीषला माझ्याशी बोलायला सांग. मला त्याच्याशी बोलायचंय."

निघताना मेडिकलचं विचारलं. डॉ. शाहीन हसल्याच. "अरे बाबा, टीबी वगैरा देखते हैं. छूत की बीमारी. आपकी उदासी कौन ढूंढेगा उस खून में?"

कोण शोधणार. खरंच आहे.

नवं प्रिस्क्रिप्शन, माझ्या नावाचं. फार्मसीच्या बाहेर उभ्या उभ्या अर्धी घेतली. संध्याकाळी ऋचाला सगळं सांगितलं, पाण्यासकट नाही, पण बरंच. ती म्हणाली, "सो बाबा टुक देम? लाइक, जस्ट टुक देम?" मी म्हटलं, हो. "दॅट्स नॉट ओके." मग माझ्याच खोलीत गादी टाकून झोपली.

गुरुवार, २६

करंट कमी. गेलेला नाही, पण मागे सरकलाय.

शिरीष आला. या वेळी निळा पाऊच हातात. मी डायनिंग टेबलावर माझं नवं पाकीट ठेवलं होतं, मिठाशेजारी. तो आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मेडिकल व्हायचंय अजून."

मी त्याला खाडीचं सांगितलं. सगळं.

बसला. मग म्हणाला, "मला फोन का नाही केलास?"

कुणाला? ज्याच्या बॅगेत माझ्या गोळ्या होत्या त्याला?

रडला नंतर. मला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला. त्याला व्हिसाची भीती खरीच होती, मला माहितीय. इथे आपण सगळेच स्टॅम्पवर जगतो, स्टॅम्प गेला की घर, शाळा, सगळं गेलं. पण भीती दोघांची होती, मग किंमत एकटीने का मोजायची?

सोमवार, ७ ऑक्टोबर

मेडिकल झालं. बायकांची रांग वेगळी. रक्त घेणाऱ्या मल्याळी सिस्टरला मीच सांगितलं, मी अमुक गोळी घेते. तिने वरही बघितलं नाही. "नो प्रॉब्लेम, मुट्ठी बंद करो."

झालं. एवढ्यासाठी.

पुरुषांच्या रांगेतून शिरीष आला, दंडावर कापूस. सकाळी निघताना त्याने प्रेशरची गोळी पाण्याबरोबर घेतलेली मी बघितली होती. एक दिवस चुकवली नाही. कुलकर्णीने त्या गोळीबद्दल काही सांगितलं नव्हतं वाटतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

व्हिसे लागून जुने झाले. मी पूर्ण डोसवर, झोप बरी, ऑफिसात कागद अडकला तर कागदच अडकतो.

रमझानमुळे शिरीष लवकर घरी. येताना एक्सेलमध्ये तक्ता करून आणला. रंगीत पट्ट्या. माझ्या गोळीचा उतरता आलेख, आठवड्यांप्रमाणे. शेवटी लाल चौकोन: कम्प्लीशन. "तूच म्हणालीस ना, शटडाउनसारखं हळू. बघ, हळूच आहे."

कौतुकाची अपेक्षा होती त्याला. प्रयत्न केलाय, हे मला दिसतं. पण डोकं माझं, डॉक्टर माझी, आणि शेवटची तारीख याने टाकलेली! विचारलं, बापटबाईंशी बोललास? "करतो." दोन महिने 'करतो'च चाललंय. खुद्द बापटबाईंनी तारीख दिलेली नाही. म्हणाल्या, आधी काही महिने स्थिर राहा, मग तुला वाटलं तर सुरू करू. त्रास झाला तर परत मागच्या पायरीवर, त्यात हार नाही. आणि कदाचित घेत राहावी लागेल, तर घेत राहायची.

लाल चौकोन मी फाडून काढला. बाकीचा तक्ता ऋचाने मागच्या बाजूला गणितं करायला घेतला.

शुक्रवार, १७ जानेवारी २००३

बापटबाईंना विचारून गेल्या आठवड्यात पहिली पायरी उतरले. अगदी लहानशी. दोन दिवस किंचित गरगरलं, करंट एखाददुसरा. त्यांना कळवलं. म्हणाल्या, इथेच थांब, पूर्ण शांत होईपर्यंत पुढे जायचं नाही. थांबलेय. घाई कुणाला आहे?

आहे एकाला. सकाळी चहा पिताना, "मग, चालू आहेत अजून?" मी म्हटलं, तुझ्या? "माझ्या काय?" प्रेशरच्या. त्याने पेपर उघडला.

आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. विद्याताई आणि सगळं मंडळ. तिळगूळ, लुटायला स्टीलच्या वाट्या, सगळं हॉलमध्ये मांडलं. माझी गोळी आता डब्यामागे नसते. टेबलावर मिठाशेजारी असते, त्याच्या गोळीला लागून. सकाळी दोन्ही दिसतात, म्हणून चुकत नाहीत.

ऋचा म्हणाली, "आई, आर यू गोइंग टु लीव्ह दॅट देअर?" म्हटलं, हो.

शिरीष टेबल आवरत होता. त्याने आधी स्वतःच्या गोळ्यांची पट्टी उचलून खिशात टाकली. मग माझी उचलली. हातात धरून उभा राहिला. ड्रॉवर उघडा होता.

या वेळी मी तिथे होते, समोर, एवढाच फरक.

बेल वाजली. त्याने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पट्टी अजून हातातच होती.

बेल परत वाजली.