सोळा कोअर आणि कांड्या भरणारी

११ जानेवारी, रविवार

परत अडकलं! अक्षता पडायला लागल्या की चित्र थिजतं — भटजींचं तोंड उघडं, नवरदेवाचा हात अर्ध्यात. सोळा कोअरचा नवाकोरा कॉम्प्युटर आणि चाल बैलगाडीची. निपाणीच्या लग्नाची ही फिल्म एडिट करून चोवीस तारखेच्या आत द्यायचीय. त्या दिवशी मी बाळंतपणाला माहेरी, बोरगावला जाणार.

युवराज म्हणतो, "सोळा हायत गं, पळायला पायजे!" माझ्या ह्या नवऱ्यानं दुकानात दुसरं काही विचारलंच नव्हतं. "ह्यात किती, त्यात किती?" एवढंच. वडगावच्या विणकराचा पोरगा तो! माग जास्त तर कापड जास्त, हिशोब संपला.

१२ जानेवारी

आज टास्क मॅनेजर उघडून बसले. पडद्यावर सोळा चौकोन, एका कोअरला एक. एक गळ्यापर्यंत भरलेला, बाकीचे पंधरा रिकामे. नुसते बसलेत! बघून डोकंच फिरलं.

दुपारभर शोधलं. शेवटची फाईल काढताना सॉफ्टवेअर सगळे कोअर कामाला लावतं. पण नवरीच्या आईला अक्षतांबरोबर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला हव्यात. त्या पाकळ्यांचा इफेक्ट जुना, एकाच कोअरवर चालतो. आता पाकळी कुठं आहे हे कळल्याशिवाय पुढं कुठं पडणार ते ठरत नाही. काम वाटून देताच येत नाही! आणि त्याचं होईपर्यंत पंधरा जण वाट बघतात.

पाकळ्या काढून टाकू का, म्हणून त्यांना फोन केला. "अगं, त्यासाठीच तर तुला दिलंय!" झालं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ देऊन आत्यांच्या — सासूबाईंच्या — पाया पडले. "सुखी ऱ्हा," म्हणाल्या. आणि त्याच दमात, "बाळ झाल्यावर हे कॉम्प्युटरचं बंद कर." इतक्या सहज! युवराज लाडू चघळत बसला.

मोरीत जाऊन रडले. हे काम मी शून्यातून उभं केलंय. बाळ मला हवंय — किती हवंय! — पण हेही हवंय. दोन्ही मागणं म्हणजे जास्त झालं का?

१५ जानेवारी

पोटात दिवसभर लाथा. पाकळ्या तिथंच.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी माग थांबले तशा आत्या चहा घेऊन आल्या. आल्या त्या मागं स्टुलावर बसल्याच. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"हे चौकोन कसले गं?"

"सोळा माग समजा. एकच चालतोय."

"आन् बाकीचे?"

"त्याची वाट बघतायत."

त्या जरा वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे कांड्या संपल्यात की! आदल्या दिशीच भरून ठेवायच्या असत्यात. माग चालू करून भरत बसलीस तर व्हणार काय?"

मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची भरलेली कांडी नसेल तर माग उभा राहतो. ह्या घरात शेंबड्या पोरालाही हे कळतं. मला आठवडा लागला! पाकळ्या चालत्या फिल्ममध्ये कशाला करत बसायच्या? आधीच वेगळ्या करून ठेवता येतात की!

मी खूश होऊन वळले तर आत्यांचं लक्ष अजून चौकोनांवरच. "चार मागांच्या कांड्या मी एकटी भरत होतो," म्हणाल्या. "युवराज दीड महिन्याचा, मांडीवर. एक दिस ताप आला म्हणून पडलो तर चारी माग बंद. घरची सगळी दारात येऊन उभी — उठ की, उठ की! आन् विणकर म्हणून नाव तुझ्या सासऱ्याचं." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्हणून म्हणतो, बंद कर. तुझ्या दारात तसं कोण उभं ऱ्हायला नको."

तीन दिवस मी ह्या बाईवर धुमसत होते! लाज वाटली. त्यांचा हात धरून बसले. चहा गार झाला तरी दोघी उठलो नाही.

१८ जानेवारी, रविवार

पाकळ्यांचा तुकडा आधी वेगळा काढला. एकाच कोअरवर, पावणेदोन तास! लागू देत. मग तो तयार व्हिडिओ म्हणून फिल्मवर बसवला — आणि सरळ चाललं! भटजींचं तोंड मिटलं एकदाचं.

फाईल काढायला लावली आणि सोळाच्या सोळा चौकोन भरले. आत्यांना हाक मारली. हात पुसत आल्या, बघितलं. "लई झ्याक!" मला कुणी इतक्या मनापासून शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

२३ जानेवारी

फिल्म पोचली. नवरीच्या आईचा फोन आला, पाकळ्या बघून रडल्या म्हणे. उद्या बोरगाव.

कॉम्प्युटरवर जुनी चादर घातली. पुढं काय, ते आत्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. त्या मायेनं सांगतायत हे आता कळतंय, म्हणून भांडताही येत नाही. बहुतेक बंदच.

८ मार्च

मुलगी! रंग युवराजचा, आवाज कुणाचा कोण जाणे — सगळा दवाखाना उठवला. हिच्याकडं बघितलं की दुसरं काही सुचत नाही. आणि ही झोपली की ते काम आठवतं.

२२ मार्च, रविवार

आत्यांचा फोन. गल्लीतल्या पूर्णिमाचं वैशाखात लग्न — त्याच्या फिल्मचं काम त्यांनी माझ्या नावानं घेतलंय! "पोरगी ल्हान हाय, दिवाळीच्या आत मिळणार न्हाय, म्हणून सांगितलं. थांबतो म्हणालेत."

"दिपाली," म्हणाल्या, "थांबा म्हटलं की लोक थांबत्यात गं. मी कधी म्हणूनच बघितलं न्हाय."