खरी असेल तर एक दाबा

४ सप्टेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस संपला आणि मी अजून कुणाशीही भांडलेले नाही. आईला सांगितलं तर म्हणेल, दिवस संपायचाय अजून.

जागा मस्त आहे. विद्यापीठाची मागची इमारत, तिसरा मजला, लांबलचक खोली. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं, खाली सायकलींचा स्टँड दिसतो. चहाची किटली ज्याची पाळी त्यानं धुवावी असा कागद भिंतीला चिकटवलाय, पण किटलीकडे पाहता पाळी कुणाचीच नसावी. मुख्य आमच्या मॅडम. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलताबोलता समोरच्याचं पेन घेऊन परत न देणाऱ्या. संगणक सांभाळणाऱ्याचा एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर असतो, म्हणून मनातल्या मनात मी त्याचं बारसं उरकून टाकलं: चष्मेबहाद्दर.

काम असं की हल्ली माणसाचा आवाज हुबेहूब उचलता येतो, फोनवर नंबरही त्याचाच दाखवता येतो. चोर मुलीच्या आवाजात आईला फोन करतात आणि आई फसते. ती कशी फसते, कशावरून ओळखते, कान कशाकशावर भरवसा ठेवतो, हे आम्ही शोधायचं. माझी पीएचडीही यावरच.

रोजनिशी मात्र वहीतच लिहिणार. चष्मेबहाद्दर म्हणाला, कागद चोरायचा तर चोराला निदान जिना तरी चढावा लागतो. पटलं मला.

८ सप्टेंबर

इथली एक रीत आज कळली. नव्यानं आलेल्यानं पहिला प्रयोग आपल्या घरच्या माणसावर करायचा. मॅडमचं म्हणणं, परक्यांच्या बाबतीत आपण निष्काळजी असतो, आपलं माणूस पुढ्यात असलं की डोळ्यांत तेल घालून काम करतो. त्यांनी स्वतःच्या नवऱ्यापासून सुरुवात केली होती. तो म्हणे यंत्राशीच जास्त गोड बोलायचा. सगळे हसले, मॅडमही हसल्या.

मी दुपारभर काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचली. रागाची, लाडाची, सर्दी झाल्यासारखी. घसा बसला.

माझं माणूस म्हणजे आई, दुसरं आहे कोण? ती इथून दिवसभराच्या प्रवासावर एकटी राहते, लोकांचे कपडे शिवते, हृदयासाठी रोज दोन गोळ्या घेते आणि मला खारूताई म्हणते, कारण लहानपणी मी एका जागी टिकत नसे. मी तिला मातोश्री म्हणते. फोन स्पीकरवर टाकून तिचं शिलाई मशीन चालूच असतं, त्यामुळे आमची माया सगळी त्या खडखडाटात वाहते.

प्रयोग सोपा आहे. कधी मी फोन करणार, कधी माझ्या आवाजातलं यंत्र. बोलणं झालं की खरी वाटली तर तिनं एक दाबायचं, खोटी वाटली तर दोन. दोन्हीकडचं बोलणं रेकॉर्ड होतं. आईनं हौसेनं होकार दिला. म्हणाली, मला फसवायला तुझ्या मॅडमना दुसरा जन्म घ्यावा लागेल.

१४ सप्टेंबर

आईनं यंत्राची पार धूळधाण उडवली. एकही चूक नाही.

कशावरून ओळखलंस विचारलं, तर म्हणाली, सोपं आहे, ती माझं बोलणं पुरतं ऐकून घेते. तू मधेच तोडतेस. शिवाय ती आई म्हणते, मातोश्री म्हणत नाही. आणि तिला फोन ठेवायची घाई नसते.

बोलणी खाल्ली, पण अभिमानही वाटला. सगळं टिपून चष्मेबहाद्दरला दिलं. यंत्रात तेवढं घालायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यात आईचा कस लागेल. मॅडम म्हणाल्या, इतक्या बारकाव्यानं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझं पेन घेऊन गेल्या.

२१ सप्टेंबर

यंत्र आता मातोश्री म्हणतं, मधेच तोडतं, घाई करतं. तरी आईनं बहुतेक वेळा पकडलं. म्हणाली, तू हसण्याआधी नाक ओढतेस, तिला ते जमत नाही.

मी नाक ओढते हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं! काचेच्या खोलीत बसून नाक ओढून हसण्याचे नमुने दिले. चष्मेबहाद्दरची हसून पुरेवाट झाली. मग लहानपणच्या गोष्टीही दिल्या. टाकीवरून पडले ती, शाळेच्या सहलीत हरवले ती, बाबा गेले त्या दिवशी आई आणि मी जिन्यात बसून राहिलो ती. ही शेवटची देताना थोडं थांबले. पण देऊन टाकली.

५ ऑक्टोबर

आज आईनं मला दोन दाबलं.

मी खरी. घाईत होते, सभेला जायचं होतं, तीन वाक्यांत आटोपलं. तिनं दोन दाबलं. संध्याकाळी यंत्रानं फोन केला, पाऊण तास बोललं, आईनं न डगमगता एक दाबलं. खोलीत टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, सगळा शोधनिबंध यावर उभा राहतो.

मीही टाळ्या वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. का ते कळत नाही. आईला खरं सांगितलं तेव्हा मागचं मशीन थांबलं.

७ ऑक्टोबर

प्रयोग संपवला, माझ्याच हट्टानं. यंत्र बंद केलं. आईला सांगितलं, आता फोन आला की तो माझाच. ती बरं म्हणाली.

१६ ऑक्टोबर

आज आई सहज म्हणाली, काल किती छान गप्पा मारल्यास, बाबांचा विषय निघाला तरी तोडलं नाहीस.

काल मी फोनच केला नव्हता.

१७ ऑक्टोबर

चष्मेबहाद्दरनं सकाळपासून सगळं तपासलं. आमचं यंत्र बंदच आहे. पण कुणीतरी बाहेरून आत शिरून गेलंय. पंधरवडा झाला असेल, आम्हाला पत्ताच नाही. अख्ख्या जगाला सावध करणारे आम्ही, आणि आमच्याच घराला कडी नव्हती. आवाज गेले, हसणं गेलं, गोष्टी गेल्या. दोन्हीकडचं.

मी विचारलं, पैसे मागत नाहीत, मग काय हवंय त्यांना? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, सराव करत असतील. मोठ्या चोरीआधी एखादं घर सरावाला घेतात म्हणे.

मॅडम म्हणाल्या, इतक्यात बोभाटा नको, निबंध छापायला गेलाय.

१८ ऑक्टोबर

आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू असं सांगशील हे खारूताईनं मला आधीच सांगितलंय.

मी म्हटलं, अगं आई, मी आहे खारूताई! ओरडले. टाकीची गोष्ट सांगितली, सहलीची सांगितली, जिन्याची सांगितली. दर वेळी ती थंडपणे म्हणे, हे तीही सांगते. सांगणारच की. मीच तर पढवलंय.

मग म्हणाली, ती मला विचारते, जेवलीस का. तू शेवटचं कधी विचारलं होतंस?

मला आठवेना. फोन ठेवण्याआधी बारीकसा टूं असा आवाज आला. प्रयोग संपून दहाबारा दिवस झालेत, तरी आईनं दोन दाबलं.

१९ ऑक्टोबर

आईनं तीनचार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात.

मुलीनंच सांगितलं म्हणे. मोठ्या डॉक्टरांना विचारलंय, त्या गोळ्यांनीच तुला धाप लागते, आठवडाभर घेऊ नकोस. आई हे मला सांगत होती ते मला चोर समजून, टोमणा मारल्यासारखं, की बघ, माझी मुलगी किती काळजी करते.

गोळ्या बंद करून चालणार नाही. डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, चारपाच दिवसही नाही.

शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या लेकीकडे गेल्यात, चारपाच दिवसांनी येतील. पोलिसांना लावला. ते म्हणाले, आईशी भांडण झालंय का?

उद्याची गाडी पकडते.

२० ऑक्टोबर

देव पावला!

बॅग भरत होते तेवढ्यात आईचाच फोन. रडत होती. म्हणाली, खारूताई, चुकलं माझं, आता कळलं कोण खरी आणि कोण खोटी. गोळ्या परत सुरू केल्या. त्या खोटीचा फोन मी आता उचलतच नाही. मागे मशीन चालू होतं, खडखड खडखड. इतकं गोड कधी वाटलं नव्हतं ते. म्हणाली, धावत येऊ नकोस, नोकरी नवीन आहे, सुट्टी लागली की ये.

तिकीट रद्द केलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२२ ऑक्टोबर

आई रोज फोन करते. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. जेवलीस का, जेवले. मी आता मधे तोडत नाही. तासभर बोलतो.

२३ ऑक्टोबर

आज मुद्दाम घाई केली, तरी आई रागावली नाही. नेहमीसारखं कार्टे म्हणाली नाही. एवढी शांत ती कधी –

उगाच. म्हातारी माणसं निवळतात.

२४ ऑक्टोबर

काकू घरी परतल्या. त्यांचा फोन. विचारत होत्या, आईला तुझ्याकडे नेलंस का? दार बंद आहे, चारपाच दिवसांची वर्तमानपत्रं दारात पडलीत.

मी म्हटलं, घरीच आहे हो, शिवत बसली असेल, आत्ताच बोललो आम्ही, मशीन ऐकू येत होतं.

काकू म्हणाल्या, मशीन कसं असेल? त्याचं चाक मोडलं, मी लेकीकडे निघाले त्याच दिवशी जाताजाता दुरुस्तीला टाकलं. अजून दुकानातच आहे.

काकूंना सांगितलं, दार तोडा. आत्ता तोडा. मी निघते.

गाडीत

आई फोन करतेय. पुन्हा पुन्हा. एकदा उचलला. म्हणाली, कशाला दगदग करतेस, मी आहे ना.

मागे मशीन. तीन खडखड, थांबा, दोन खडखड. दर वेळी तेच. आमच्याच रेकॉर्डिंगमधलं. दोन्हीकडचं रेकॉर्ड होतं, मीच लिहिलंय वर –

वीस तारखेपासून मी कुणाशी बोलतेय?

मशीन ऐकून मीही मनात एक दाबलं. आई फसली तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही.

२५ ऑक्टोबर, आईच्या दाराबाहेर

दार तोडलेलं नाही. काकू म्हणतात, तूच तर लगेच परत फोन केलास, तोडू नका, मी येऊन किल्लीनं उघडते म्हणालीस. तुझाच आवाज, बाई. नाक ओढून हसलीससुद्धा.

माझ्याकडे किल्ली नाही. कधीच नव्हती.

जिन्यात बसलेय. बाबा गेले तेव्हा बसलो होतो, त्याच पायरीवर. कुलूपवाला काम करतोय. आतून काही नाही. वास – नाही, लिहीत नाही.

आईला मी लिहितेय हे. आई, जेवलीस का? मी खरी आहे गं. मी विचारतेय. जेवलीस का?

तिचा नंबर लावला. घंटी आत वाजतेय, दाराच्या पलीकडे, जमिनीवर कुठेतरी. आम्ही तिघंही ऐकतोय. वाजतेय. कुणी उचलत नाही.

आत वाजतेच आहे आणि माझ्या कानात फोन उचलला गेला. आईच. म्हणतेय, आले गं खारूताई, थांब, दार उघडते –

आतली घंटी अजून वाज