सोफ्यात बसून मागितलेली वाढ

तीर्थस्वरूप भाऊजी यांना साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली समजून घ्यावीत.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? प्रत्यक्ष येऊन भेटलो असतो, पण तुमच्याजवळ ताई असते आणि तिच्यासमोर मला हल्ली रडू येतं, म्हणून एकाच गावात राहून हा पत्राचा खटाटोप. मी चांगलाच तोंडघशी पडलोय. एकटाच पडलो असतो तर तुम्हाला त्रास दिला नसता.

आमच्या कारखान्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सुतार सांगाडा करतो, मी त्यात फोम भरतो, मावशी वरची कव्हरं शिवतात, आणि सगळ्यांना नगावर पैसे मिळतात. (मावशी कुणाच्याच मावशी नाहीत. पण त्यांनी शिवलेला कोपरा उसवलेला कुणी पाहिला नाही, तेव्हा काहीतरी मानाने हाक मारायला हवी.) मालकांनी सोफ्याची किंमत दोनदा वाढवली, आमचा नगाचा भाव होता तिथेच राहिला. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की कुणीतरी आत जाऊन बोलायचं. आणि बोलण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही असा कोण? तुमचा मेहुणा! मीही शर्ट खोचून निघालो, आणि लोकांनी मशिनं बंद करून मला दारापर्यंत पोचवलं.

भाऊजी, चूक झाली ती बसण्यात. मालकांच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी एक सोफा आहे. तो मीच भरलेला. मालकांनी तेव्हा मुद्दाम सांगितलं होतं की बसणारा असा रुतला पाहिजे की उठून दुसऱ्या दुकानात जायचं त्याच्या मनात येऊ नये. मी जीव ओतून सगळ्यात मऊ फोम घातला. त्यावर बसायची वेळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आली. बसलो तो खाली खालीच गेलो. गुडघे छातीशी, आणि वर बघितलं तर उंच खुर्चीतल्या मालकांची फक्त हनुवटी. तुम्हीच सांगा, अशा अवस्थेत कुणाला ठणकावून बोलता येईल का? मी दोन वाक्यं बोललो, ती माझी मलाच विनवणी केल्यासारखी वाटली.

मग मालक बोलू लागले. फोम महागला, जागेचं भाडं वाढलं, बँकेचा माणूस सारखा फोन करतो. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुम्ही काय परके आहात? घरचीच माणसं. तूच सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" आता मला आजवर त्यांच्या जागी कुणी बसवलेलं नाही, त्यामुळे मी हुरळलो. पाघळलो म्हणा हवं तर. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "काळजी करू नका मालक, आम्ही रोज संध्याकाळी एक तास जास्त थांबू, त्या तासातल्या नगांचे पैसे नकोत." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. (त्याशिवाय मला उठताही आलं नसतं.)

बाहेर सगळे वाट बघत उभे होते. सुताराने विचारलं, "किती वाढ झाली?" मी म्हणालो, "एक तास." काही जण आधी हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मावशी हसल्या नाहीत. त्यांची बहीण अंथरुणाला खिळलेली आहे आणि शेजारीण तिच्याजवळ सहापर्यंतच बसते. मला हे ठाऊक होतं, भाऊजी. सोफ्यात बसल्यावर आठवलं नाही. त्या मालकांकडे गेल्या, तर मालक म्हणाले, मी कुठे जबरदस्ती केली, तुमच्याच माणसाने कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी मावशींनी मशीन पुसलं, त्यावर फडकं घातलं आणि काम सोडून निघाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती.

मी तडक आत गेलो, या वेळी उभाच राहिलो, म्हटलं माझा शब्द मागे घेतो. मालक उत्तर देणार तोच फोमवाला आला. त्यानेही भाव वाढवला होता. दोघांची खडाजंगी झाली, फोमवाला बसला नाही की पाणी प्यायला नाही, आणि वाढीव भावाने पैसे घेऊन गेला. त्याला कुणी घरचा म्हटलं नाही. मग मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "घरच्या माणसाने शब्द मोडायचा नसतो रे." मी बाहेर आलो. आता मी शेजारी बसलो की सुतार डबा उचलून दुसरीकडे जातो. जाऊ दे, मीही गेलो असतो.

बाकी ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्या पडद्यांच्या दुकानातलं एक मशीन रिकामं आहे ना? मावशींचं घर तिथून जवळ आहे. त्यांना घ्या, आणि पावणेसहाला म्हणजे पावणेसहाला सोडा. मी सुचवलं हे कळू देऊ नका, नाहीतर त्या यायच्या नाहीत.

आणखी एक ता. क. मावशी सरळ बाई आहेत. कामाला हात लावायच्या आधी एकच गोष्ट विचारतील, की शेजारच्या मशीनवरच्या बाईला तुम्ही काय देता. शेजारच्या मशीनवर लग्न झाल्यापासून आमची ताई बसते, घरचीच म्हणून. काय उत्तर द्यायचं ते तिला विचारूनच ठरवा.